मुंबई–नागपूर विमान: १५ किलोचा नवा नियम, कम्फर्ट घ्यावं की फ्लेक्स?

डोंबिवलीची मावशी
११ मे २०२४, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबतोय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

भाचीचं लग्न आहे नागपूरला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मे-जूनमध्ये गुरु-शुक्राचा अस्त, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राची लग्नं आषाढीच्या आधीच्या त्या चार दिवसांत कोंबली आहेत. विदर्भ, दुरांतो, सेवाग्राम सगळं बघून झालं, वेटिंगचे आकडे बघून गाडीचा नाद सोडला. समृद्धीने गाडी काढू म्हणाले हे, पण माझी आई बहात्तरची, तिचे गुडघे इगतपुरीलाच संप पुकारतील. तेव्हा विमान ठरलं.

जाणारे चौघं: मी, हे, मुलगा (वय ९) आणि आई. आई म्हणजे नवऱ्या मुलीची आजी, त्यामुळे तिचा मान मोठा आणि तिचं सामान त्याहून मोठं.

आता मुद्दा. एअर इंडिया बघत होते, कारण वेळ सोयीची आहे, खायला देतात आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं "एअर इंडियाला वजन जास्त चालतं" हे वाक्य पाठ आहे. तर साइटवर तीन भाव दिसले: कम्फर्ट, कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्स. पहिल्या दोघांत चेक-इन सामान १५ किलो. फ्लेक्समध्ये २५. मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय, मग बातमी सापडली की २ मेपासून नियमच बदललाय, आधी कमीत कमी २० होते. म्हणजे माझ्या डोक्यातला हिशोब माणशी पाच किलोंनी खाली आला.

फ्लेक्स माणशी हजार-अकराशेने महाग दिसतंय. चौघांचं जाऊन-येऊन धरलं तर आठ-नऊ हजार नुसते वरचे. त्यात तारीख बदलली किंवा तिकीट रद्द केलं तर दंड नाही असं लिहिलंय, आणि हे मला मोहात पाडतंय, कारण:

ह्यांच्या रजेचं नक्की नाही. साहेब लग्नापुरतं सोडतील, पण परतीची तारीख एक-दोन दिवस मागेपुढे होऊ शकते. आणि आई तर "बघू, वाटलं तर राहीन थोडे दिवस लेकीकडे" म्हणतेय. तिचं वाटणं म्हणजे आठवडाही असू शकतो आणि गौरी-गणपतीही.

सामानात काय आहे तेही सांगते, नाहीतर विचाराल. रुखवताच्या वस्तू (मीच केल्यात, त्यामुळे टाकून जाण्याचा प्रश्नच नाही), आहेराच्या साड्या, आईचं कैरीचं लोणचं दोन बरण्या, ओटीचं सामान, सुकं खोबरं, आणि चार माणसांचे लग्नाचे कपडे. एका काठापदराच्या साडीचं वजन किती असतं ते पुरुषमंडळींनी एकदा काट्यावर ठेवून बघावं.

तर: सगळ्यांचं फ्लेक्स घ्यावं? की कम्फर्ट घेऊन वरचे किलो विकत घ्यावेत? की सरळ इंडिगो, तिथेही १५च आहेत? आणि हे कम्फर्ट प्लस कोणासाठी आहे ते कोणी सांगेल का? वजन तर दोन्हीकडे तेवढंच.


जुना एलटीसीवाला
११ मे २०२४, रात्री ११.२०

ताई, तुमच्या घरातलं ते वाक्य खोटं नव्हतं. आम्ही सरकारी नोकर, एलटीसीवर (सरकारी प्रवास सवलतीवर) एअर इंडियानेच जायची सक्ती होती, तेव्हा बाकीच्या कंपन्या १५ देत आणि हिच्यात २५ किलो मिळत. विमान उशिरा निघायचं, पण बायकोच्या बॅगेकडे कोणी डोळे वटारून बघत नसे. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. मग २५ चे २०, आता २० चे १५. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मूळ भाड्याच्या निम्मी होती, ती सप्टेंबर २०२२ मध्ये २५ टक्क्यांवर आणली.

आणि हे फक्त एकीचं नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०१५ पासूनच कंपन्यांना मोकळीक दिली की सीट, खाणं, सामान, लाउंज ज्याचे त्याचे पैसे वेगळे लावा. पिण्याचं पाणी तेवढं फुकट ठेवायला सांगितलंय, हे आपलं नशीब. आधी सगळं भाड्यात धरलेलं असे. आता भाडं "स्वस्त" दिसतं आणि पुढच्या प्रत्येक पानावर पाकीट उघडावं लागतं.

माझं म्हणाल तर गाडी. थ्री-एसीत माणशी ४० किलो सामान फुकट, आणि बरणीला कोणी हात लावत नाही. तत्काळचा प्रयत्न करून बघा.


फक्त पाठपिशवी
१२ मे २०२४, सकाळी ८.०५

काका, तत्काळ? जुलैत, लग्नाच्या मुहूर्तावर, चार माणसं? शुभेच्छा 🙂

थोडी उलट बाजू मांडतो, रागावू नका. मी पुण्यात राहतो, कामासाठी बंगळुरू-दिल्ली सारखं चालू असतं, आणि चेक-इनला बॅग देणं मी कधीच सोडलंय. सात किलोची पाठपिशवी, दोन शर्ट, लॅपटॉप, संपलं. मग इतकी वर्षं १५-२० किलोचे पैसे माझ्याही भाड्यात धरलेले होतेच ना? म्हणजे तुमच्या लोणच्याच्या बरणीचं भाडं थोडं थोडं मीही भरत होतो. २०२१ मध्ये सरकारने चेक-इन सामान नसलेलं तिकीट स्वस्तात विकायला परवानगी दिली आणि ह्या वर्षी एअर इंडिया एक्सप्रेसने एक्सप्रेस लाइट काढलं: चेक-इन शून्य, पण हँडबॅग सातऐवजी दहा किलो. मला ते शंभर टक्के पटतं. ज्याला जे हवं त्याचे त्याने पैसे द्यावेत.

मावशींना सल्ला: माणशी सात किलो हँडबॅग असतेच. चौघांचे २८ झाले. कपडे त्यात घाला, जड वस्तू खाली द्या. फ्लेक्सबिक्सची गरज पडणार नाही.


जुना एलटीसीवाला
१२ मे २०२४, सकाळी ९.१५

वजन कमी केल्यावर भाडं कमी झालं का हो? २० चे १५ केले त्या दिवशी तिकीट पाच किलोंनी स्वस्त झालेलं मला तरी दिसलं नाही. "ज्याचे त्याने द्यावेत" हे ऐकायला बरं वाटतं. इथे ज्याला नको त्याला काही परत मिळालं नाही आणि ज्याला हवं त्याला हजार जादा पडले.


फक्त पाठपिशवी
१२ मे २०२४, सकाळी ९.२२

हा मुद्दा मान्य. लाइट हे वजावट दाखवतं, १५ किलोवालं नुसती कात्री लावतं. दोन्ही एकच नाही.


दादरचा तिकीटवाला
१२ मे २०२४, दुपारी १.४०

ताई, माझी दादरला छोटी एजन्सी आहे, गेल्या आठवडाभरात हाच प्रश्न घेऊन लोक येतायत. तुमचं प्रकरण नमुनेदार आहे म्हणून सविस्तर लिहितो. रविवार आहे, दुकानात शांतता आहे.

आधी कंपनीचं म्हणणं. दिल्ली-मुंबईसारख्या मार्गावर कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्समध्ये साधारण हजाराचा फरक, आणि त्या हजारात जवळजवळ नऊ हजारांचा फायदा, असं त्यांनी सांगितलंय. हिशोब बरोबर आहे. दहा किलो जादा सामान काउंटरवर पाचशे-सहाशे रुपये किलोने धरा, वर तारीख बदलण्याचा तीन हजारांच्या आसपासचा दंड धरा, नऊ हजार भरतात. पण हा फायदा मिळतो कोणाला? जो दहाच्या दहा किलो जादा नेणार आहे आणि शिवाय तिकीटही बदलणार आहे त्याला. असा माणूस तुमच्या चौघांत एकच आहे, आणि तोही एकाच दिशेने. त्याच्यासाठी बाकी तिघांनी हजार-हजार का द्यायचे?

आता क्रमाने घेऊ.

जाताना. तुम्ही माणशी १५ मोजताय, तिथेच घाबरताय. चौघं एका पीएनआरवर असाल तर वजन एकत्र धरतात, आम्ही त्याला पूल करणं म्हणतो. १५ गुणिले ४, म्हणजे ६० किलो. मुलाचं नऊ वर्षांचं तिकीट पूर्ण सीटचं आहे, त्यालाही पूर्ण १५ मिळतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या कपड्यांना पाच किलोही लागत नाहीत. आईंचे १५ असतातच. एवढ्यात रुखवत, साड्या, बरण्या सगळं बसेल. एकच बघा: कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका. पूल केलं तरी ती उचलणारा माणूस एकच असतो, ते घेत नाहीत. तेव्हा जाताना चौघं, एक पीएनआर, सगळ्यात स्वस्त भाव. कम्फर्ट. विषय संपला.

येताना मात्र तिकिटं वेगळी काढा. आपल्याकडे देशांतर्गत तिकिटाला जाऊन-येऊन एकत्र काढण्याने भाड्यात सूट मिळत नाही, दोन्ही बाजूंचं भाडं स्वतंत्रच लागतं. त्यामुळे जातानाचा एक भाव आणि येतानाचा दुसरा, काही बिघडत नाही. पण एका पीएनआरवर एका बाजूला सगळ्यांचा भाव एकच असतो. मिस्टरांना फ्लेक्स आणि तुम्हाला कम्फर्ट असं एकाच तिकिटात होत नाही. म्हणून फोडायचं.

तुम्ही आणि मुलगा एका पीएनआरवर, कम्फर्ट. मुलाला मिस्टरांबरोबर टाकू नका, त्यांची तारीख हलली की त्याचीही हलेल आणि शाळा बुडेल. शिवाय डीजीसीएने २३ एप्रिललाच कंपन्यांना सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी सीट दिलीच पाहिजे. "त्याच पीएनआरवरच्या" हे महत्त्वाचं. मूल एका तिकिटावर आणि आई दुसऱ्यावर असेल तर हा नियम तुमच्या कामाचा नाही.

मिस्टर एकटे, वेगळ्या पीएनआरवर, फ्लेक्स. त्यांचे २५ किलो. परतीच्या प्रवासात जड ते सगळं त्यांच्या नावावर. तारीख बदलली तर दंड नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. दंड नाही म्हणजे फुकट बदलून मिळतं असं नाही. ज्या दिवशी बदलाल त्या दिवशी नव्या तारखेचं जे भाडं चालू असेल, त्यातला फरक भरावाच लागतो. आज चार हजारांना घेतलेलं तिकीट लग्नाच्या गर्दीत आदल्या दिवशी हलवायला गेलात आणि तेव्हा भाव नऊ असेल, तर वरचे पाच हजार तुमचेच. फ्लेक्सने फक्त दंड वाचतो. तेव्हा मिस्टरांना सांगा, साहेबांना काय ते आठ दिवस आधी विचारून घ्या.

आणि विमान सुटायच्या आधी बदलायचं. काउंटर तासभर आधी बंद होतो. गेलाच नाहीत तर तो नो-शो, त्याचे नियम वेगळे आणि कडू.

आता आई. त्यांचं परतीचं तिकीट आत्ता काढूच नका. खरंच सांगतो, धंदा सोडून सांगतो. "बघू" म्हणणाऱ्या माणसाला फ्लेक्सही पुरत नाही. गणपती ७ सप्टेंबरला आहेत. जुलैचं तिकीट सप्टेंबरला हलवायचं म्हणजे भाड्याचा फरक येणारच, मग आधी पैसे अडकवायचे कशाला? त्यांचं ठरलं की तेव्हा एकेरी काढा. ज्येष्ठ नागरिक म्हणून बघा, पण डोळे मिटून ते घेऊ नका. सवलत मूळ भाड्यावर आहे, विमानतळाच्या आकारांवर नाही, आणि कधी कधी साधं स्वस्त तिकीट सवलतीच्या तिकिटापेक्षा खाली असतं. दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवून बघायचे. वयाचा पुरावा मूळ प्रतीत जवळ हवा. त्या एकट्या येणार असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा, त्याचे पैसे पडत नाहीत.

कम्फर्ट प्लस कोणासाठी? मधला भाव हा नेहमी वरचा भाव बरा वाटावा म्हणून असतो. वजन तेवढंच असेल तर तुमच्या कामाचा नाही.

इंडिगोचं म्हणाल तर १५ तिथेही आहेत, हँडबॅग सातच. खाणं विकत. वेळ जमत असेल तर भाव बघून घ्या, फक्त मुंबईत टर्मिनल कुठलं ते तिकिटावर वाचा.


वऱ्हाडी मिरची
१२ मे २०२४, दुपारी ३.१०

मावशी, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिल्या. दादरवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं, पण त्यांना नागपूरचं लग्न माहीत नाही म्हणून थोडं मी सांगते.

जातानाचं वजन तुम्ही मोजून राहिल्या, येतानाचं कोण मोजणार? मुलीकडचे तुम्ही, त्यातून मावशी. आहेर इकडून जितका जाईल त्याच्या दुप्पट उलटा येईल. बहीण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवते का? उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, सरगुंडे, सांडगे, भिवापुरी मिरचीचं तिखट, वरून संत्रा बर्फीचे डबे. ताजा संत्रा जुलैत नसते, तेवढंच तुमचं नशीब. माझ्या नणंदेचं झालं असं मागच्या साली, इथल्या सोनेगाव विमानतळाच्या काउंटरवर (कंपनीचं नाव नाही घेत) वजन भरलं जास्त, अन् रांग मागे वाढून राहिलेली. तिथंच बॅग उघडली. कुरडयाचा डबा वर, साड्या खाली, सगळे लोक बघून राहिले. शेवटी तिच्या जेठांनी कुरडया हातात घेतल्या अन् वरच्या कप्प्यात टाकल्या. उतरल्यावर चुरा.

म्हणून मी म्हणते फ्लेक्स येतानाच घ्या, जाताना नको. भाऊजींचे २५ अन् तुम्हा दोघांचे ३०, झाले ५५. आई इथंच राहिल्या तर त्यांचे कपडेही इथंच राहतात, ते वजन गेलं.

अन् सुकं खोबरं आणू नका बाई. ते चेक-इनमध्ये घेत नाहीत, तेल असते त्याच्यात, लवकर पेटते म्हणतात. इतवारीत लागेल तेवढं खोबरं मिळते. ओटीचे नारळ पण इथंच घेऊ.


डोंबिवलीची मावशी
१२ मे २०२४, रात्री ९.३०

बापरे, केवढं काय काय लिहिलंत. सगळ्यांना धन्यवाद.

तिकीटवाले दादा, चौघांचे मिळून साठ किलो, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी माणशी एक अशा चार बॅगा मांडून प्रत्येकीत १५ बसवत होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिसरी बरणी पण घेऊया." पूल करण्याची गोष्ट तिच्यासमोर बोलायला नको होती.

वऱ्हाडी ताई, खोबऱ्याचं बरं सांगितलंत. यादीतून काढलं. बहिणीला फोन केला तर तिने आत्ताच बर्फीच्या डब्यांचे आकडे सांगायला सुरुवात केली, म्हणजे तुमचा अंदाज तंतोतंत.

पाठपिशवीवाले, तुमच्या सात किलोंत आमच्याकडे एक पैठणी आणि तिचा पेटीकोट बसेल. पण हँडबॅगेचे २८ किलो मोजायचे हे पटलं. दागिने आणि रुखवतातल्या मोडण्यासारख्या वस्तू त्यातच घेणार होते.

आता दोन शंका. पावसाचं काय? जुलै आहे, मुंबई आहे. धो धो पाऊस पडून विमानच रद्द झालं तर कम्फर्टवाल्यांचे पैसे बुडाले आणि फ्लेक्सवाल्यांचे वाचले, असं आहे का? हे ह्याच भीतीने सगळ्यांचं फ्लेक्स घेऊया म्हणतायत. दुसरं, परतीला आम्ही दोन वेगळ्या पीएनआरवर, पण विमान एकच असलं (साहेबांनी दया केली तर) तर वजन एकत्र धरतील का?


दादरचा तिकीटवाला
१३ मे २०२४, सकाळी ११.०५

पावसाचं सोपं आहे. विमान कंपनीने रद्द केलं तर तुमचा भाव कुठला हे बघतच नाहीत. पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तरी हीच निवड मिळते. हवामानामुळे रद्द झालं तर वरची नुकसानभरपाई मात्र मिळत नाही, ती मागायला भांडत बसू नका. म्हणजे पावसाच्या भीतीने फ्लेक्स घेणं म्हणजे छत्री असताना दुसरी छत्री विकत घेणं. फ्लेक्स लागतं ते तुमचं मन, तुमची रजा किंवा तुमची आई बदलली तर.

तेवढ्यात आणखी दोन गोष्टी, ह्या कोणी सांगत नाही. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असेल तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत रद्द केलं की कसलाही दंड नाही, कुठलाही भाव असो. नावातली चूकही त्या २४ तासांत फुकट दुरुस्त होते. तेव्हा तिकीट रात्री काढा आणि सकाळी घरातल्या सगळ्यांना आधार कार्ड हातात घेऊन नावं वाचायला लावा. दुसरं, साधं तिकीट रद्द केलं आणि हातात काहीच येणार नाही असं वाटलं, तरी विमानतळाचे आकार, यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क) वगैरे, परत मिळतात. "नॉन-रिफंडेबल" लिहिलेलं असलं तरी. आणि दंड मूळ भाडं अधिक इंधन अधिभार ह्याच्या पुढे लावता येत नाही. विमानतळाचे ते आकार मागितल्याशिवाय बरेचदा परत येत नाहीत, म्हणून मागायचे.

दोन पीएनआरचं: हक्क नाही. काउंटरवरच्या मुलीच्या मनावर आहे. एकाच वेळी दोन्ही तिकिटं पुढे केलीत, एक कुटुंब दिसलं आणि मागे रांग नसली तर बरेचदा धरतात. त्यावर विसंबून बॅगा भरू नका. घरून निघतानाच मिस्टरांची बॅग २५ आणि तुमच्या दोघांची मिळून ३० अशी वेगळी करा. बहिणीकडे काटा नसेल तर तो लटकवायचा छोटा काटा मिळतो, तो घेऊन जा. येताना जास्तच होतंय असं आदल्या रात्री दिसलं तर वरचे किलो ऑनलाइन घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतात. ते सुटे मिळत नाहीत, ठरावीक टप्प्यात घ्यावे लागतात, पण तरीही.


जुना एलटीसीवाला
१३ मे २०२४, दुपारी १२.३०

एवढा अभ्यास आम्ही खात्याच्या परीक्षेलाही केला नव्हता. नागपूरला जायचं म्हणजे पूर्वी बेडिंग गुंडाळलं की झालं.


फक्त पाठपिशवी
१३ मे २०२४, दुपारी १२.४१

काका, बेडिंगचं वजन किती होतं? 😄

बाकी तिकीटवाले, यूडीएफ परत मिळतो हे मला माहीत नव्हतं. मी किती सोडून दिले असतील त्याचा आता हिशोब करत नाही.


डोंबिवलीची मावशी
१४ मे २०२४, रात्री ११.१५

काढली तिकिटं. जाताना चौघं कम्फर्ट, एक पीएनआर. येताना मी आणि मुलगा कम्फर्ट, हे फ्लेक्स. आईचं काढलं नाही, तिला सांगितलं तर तिने खुशीत लगेच बहिणीला कळवलं की मी गणपतीपर्यंत आहे. म्हणजे जे "बघू" होतं ते तिकिटाअभावी पक्कं झालं.

सगळ्यांचं फ्लेक्स घेण्यापेक्षा सात-साडेसात हजार वाचले, त्यात आईचं परतीचं भाडं अजून धरलेलं नाही, ते नंतर किती निघेल देव जाणे. हे म्हणतायत, फरक तर एकट्याचाच वाढला, म्हणजे घरात सर्वांत महाग प्रवासी मी. तसेच आहेत.

काढल्यावर लगेच नावं वाचायला लावली. आईच्या आधारवर आडनाव आधी आहे आणि मी तिकिटावर शेवटी टाकलंय. हे चालतं ना, दादा? चोवीस तास उद्या रात्री संपतात.


दादरचा तिकीटवाला
१५ मे २०२४, सकाळी १०.२०

चालतं. नावं तीच हवीत, स्पेलिंग तेच हवं. पुढे-मागे झाल्याने अडवत नाहीत. मुलाच्या ओळखपत्राचीही एक प्रत पिशवीत टाका, शाळेचं चालेल.

बरणीचं तेवढं राहिलं. लोणचं हँडबॅगेत नेऊ नका, तपासणीत अडवतील आणि तिथे तुम्हाला ते टाकून द्यायला सांगतील. खाली द्यायचं. चिनी मातीची बरणी नको, प्लास्टिकचा फिरकीच्या झाकणाचा डबा घ्या, काठोकाठ भरू नका, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. आणि तो डबा साड्यांच्या बॅगेत अजिबात नको, मुलाच्या बॅगेत टाका.


वऱ्हाडी मिरची
१५ मे २०२४, सकाळी १०.५५

अन् तिसरी बरणी आणत असाल तर आजीला सांगा, इकडे आंबट कमी, तिखट जास्त चालते.